१२ हजार गाणी आणि गाडीचा स्टिरिओ

मोठा डिजिटल संगीतसंग्रह गाडीत ऐकायचा असेल तर आजही सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे साधा पेनड्राइव्ह, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र तो नीट तयार केलेला असावा लागतो, आणि ही तयारी किती करावी लागेल हे गाडीतला स्टिरिओ ठरवतो.

ज्या स्टिरिओच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे, तो गाडीबरोबरच आलेला आहे. मध्यम आकाराची टचस्क्रीन, आवाजासाठी एक आणि यादी सरकवण्यासाठी एक अशी दोन फिरवायची बटणे, दोन यूएसबी पोर्ट, ब्लूटूथ, आणि फोन जोडल्यास त्यातली ॲप्स टचस्क्रीनवर आणणारे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, अशी त्याची रचना आहे. संग्रह सुमारे १२ हजार गाण्यांचा आहे. त्यात सीडींवरून उतरवलेले अल्बम आहेत, विकत घेऊन डाउनलोड केलेली गाणी आहेत आणि मैफिलींची लांबलचक ध्वनिमुद्रणेही आहेत. शे-दोनशे गाणी कोणताही स्टिरिओ सहज वाजवतो. त्याची खरी परीक्षा हजारांच्या आकड्यापासून पुढे सुरू होते, आणि ती आवाजाच्या दर्जापेक्षा हवे ते गाणे सापडण्याची असते.

पहिली अडचण पेनड्राइव्ह ओळखला जाण्याचीच असते. दोन यूएसबी पोर्टपैकी एक बहुधा केवळ चार्जिंगसाठी असतो, त्यामुळे पेनड्राइव्ह दिसला नाही की आधी दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावा. त्यानंतर प्रश्न येतो फॉरमॅटचा, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा. गाड्यांचे स्टिरिओ फॅट३२ हमखास वाचतात. एक्सफॅट नवीन स्टिरिओ वाचतात, पण सगळेच नाही. एनटीएफएसवर विसंबू नये. घोळ असा आहे, की विंडोजची स्वतःची फॉरमॅटची खिडकी अनेक वर्षे ३२ जीबीपुढच्या ड्राइव्हसाठी फॅट३२ हा पर्यायच दाखवत नसे, आणि त्यामुळे फॅट३२ची मर्यादाच ३२ जीबी आहे असा समज पसरला. प्रत्यक्षात ती २ टीबीपर्यंत जाते, आणि १२८ जीबीचा ड्राइव्ह फॅट३२मध्ये आणून देणारी मोफत साधने सहज मिळतात. एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे खरी, पण गाण्यांच्या बाबतीत तिचा अडसर येत नाही. ड्राइव्हचे विभाजन जीपीटी पद्धतीचे नसून जुन्या एमबीआर पद्धतीचे असावे, हेही पाहून घ्यावे. फॉरमॅट बरोबर असूनही ड्राइव्ह दिसत नसेल तर कारण पुष्कळदा तेच असते.

जागेचा हिशेब सोपा आहे. ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ला मिनिटाला २.४ एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांचे गाणे १२ एमबीचे, आणि १२ हजार गाणी १४४ जीबीची. तीच २५६ केबीपीएसवर घेतली तर सुमारे ११५ जीबीत बसतात, म्हणजे १२८ जीबीचा ड्राइव्ह पुरतो. फ्लॅकमध्ये, म्हणजे मूळ आवाजातले काहीही न गाळणाऱ्या प्रकारात, ठेवली तर गाण्यामागे ३० एमबीच्या आसपास धरावे लागतात आणि एकूण आकडा ३६० जीबीवर जातो. माझा मूळ संग्रह फ्लॅकमध्ये आहे आणि घरी तो तसाच ऐकतो. गाडीसाठी मात्र २५६ केबीपीएसची वेगळी प्रत केली आहे. महामार्गावर चालत्या गाडीच्या आत टायर, वारा आणि इंजिन यांचा मिळून ६५ ते ७० डेसिबलच्या आसपास गोंगाट असतो. चांगल्या एन्कोडरने (आवाज दाबून फाइल बनवणाऱ्या साधनाने) केलेली एमपी३ आणि फ्लॅक यांतला बारीक फरक त्या गोंगाटात टिकत नाही. उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, काळजीपूर्वक तुलना केली तरी या स्पीकरांवर मला फरक सांगता आला नाही. शिवाय वेगळ्या प्रतीचा मोठा फायदा असा, की मूळ संग्रहाला हात न लावता गाडीच्या प्रतीत हवे ते बदल करता येतात, आणि ते करावेच लागतात.

आता मुख्य मुद्दा: शोधणे. स्टिरिओ दोन वाटा देतो. एक, फोल्डर जसेच्या तसे दाखवणे. दुसरी, प्रत्येक फाइलमधले टॅग, म्हणजे गाण्याच्या माहितीच्या नोंदी, वाचून कलाकार, अल्बम आणि प्रकार अशा याद्या बनवणे. दुसरी वाट आकर्षक दिसते, पण मोठ्या संग्रहाला तीच दगा देते. ड्राइव्ह लावल्यावर हजारो फाइली एकेक करून उघडून टॅग वाचावे लागतात, आणि स्टिरिओचा प्रोसेसर व मेमरी तुटपुंजी असते. या स्टिरिओत फोल्डरमधले गाणे गाडी सुरू होताच वाजू लागते. कलाकारांची यादी मात्र कित्येक मिनिटे अर्धवट असते, आणि त्या काळात ‘स’पाशी जाऊन पाहिले तर अर्धे कलाकार गायबच असतात. जुन्या आयपॉडमध्ये हा प्रश्न नव्हता, कारण सगळी सूची संगणकावरच तयार होऊन आयपॉडमध्ये जात असे आणि गाडीला ती आयती मिळे. १६० जीबीचा आयपॉड क्लासिक २०१४ साली बंद झाला, पण गाडीत मोठा संग्रह चाळण्याच्या सोयीत आजचे कित्येक स्टिरिओ त्याच्या मागेच आहेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

टॅगची यादी एकदा पूर्ण झाली तरी तिच्यात दोष राहतात. या स्टिरिओला डिस्कचा क्रमांक कळत नाही. दोन सीडींचा अल्बम असेल तर पहिल्या सीडीचे पहिले गाणे, मग दुसऱ्या सीडीचे पहिले, मग पहिलीचे दुसरे, अशी सरमिसळ होते. त्याला अल्बमचा कलाकार आणि गाण्याचा कलाकार यांतला भेदही कळत नाही, त्यामुळे वीस गायकांचा एक संकलित अल्बम कलाकारांच्या यादीत वीस जागी विखुरतो. पाहुण्या गायकाचे नाव जोडलेले प्रत्येक गाणे नवा कलाकार म्हणून उभे राहते, आणि १२ हजार गाण्यांच्या संग्रहात अशा नावांनी यादी इतकी फुगते, की गाडी चालवताना ती चाळणे धोक्याचे ठरते. निर्मात्याने हा भाग मोठ्या संग्रहावर कधी तपासलेलाच नसावा, असे जाणवते. शफलची तऱ्हाही तशीच आहे: तो फक्त चालू फोल्डरपुरता चालतो, सगळ्या संग्रहावर नाही.

म्हणून माझा भर फोल्डरवर आहे. कलाकार, त्यात अल्बम, त्यात गाणी, एवढ्याच तीन पातळ्या ठेवाव्यात. दोन सीडींच्या अल्बमचे दोन फोल्डर करावेत. गाण्यांच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत. नुसते १, २ दिले तर काही स्टिरिओ १ नंतर थेट १० लावतात. पहिल्याच पातळीवर तीनशे कलाकार आले तर बटण फिरवून फिरवून बोटे दुखतात, त्यासाठी वर अक्षरांचे किंवा प्रकारांचे फोल्डर करून एक पातळी वाढवणे परवडते. स्टिरिओच्या पुस्तिकेत फोल्डरांची, फाइलींची आणि पातळ्यांची कमाल संख्या दिलेली असते. ती ड्राइव्ह भरण्याआधी वाचावी, कारण मर्यादेपलीकडची गाणी स्टिरिओ कोणतीही सूचना न देता सोडून देतो आणि ऐकणाऱ्याला ते महिनोन्‌महिने कळतही नाही.

एवढे करूनही क्रम चुकत असेल, तर तो स्टिरिओ नावाप्रमाणे लावण्याऐवजी फाइली ज्या क्रमाने ड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवत असतो. संगणकावर यादी अगदी सरळ दिसते, कारण संगणक ती दाखवताना लावून घेतो; ड्राइव्हवरची मूळ नोंद मात्र विस्कळीतच असते. लिनक्सवरचे फॅटसॉर्ट किंवा विंडोजवरचे ड्राइव्हसॉर्ट ही मूळ नोंदच क्रमाने लावून देते, आणि काही क्षणांत काम होते. मॅकवरून गाणी भरणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो: प्रत्येक गाण्याच्या जोडीला टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक लपलेली फाइल तयार होते. स्टिरिओ तिलाही गाणे समजतो, वाजवायला जातो, अडखळतो आणि पुढे सरकतो. ड्राइव्ह काढण्याआधी मॅकच्या टर्मिनलवरील डॉट_क्लीन या आज्ञेने त्या फाइली काढून टाकाव्यात.

देवनागरीत नावे लिहिणाऱ्यांनी टॅगच्या आवृत्तीकडे लक्ष द्यावे. आयडी३ या एमपी३ टॅगच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत गाण्याच्या नावाला जेमतेम ३० बाइट होते आणि देवनागरीसह सर्व लिप्या सामावणाऱ्या युनिकोडला जागाच नव्हती. २.३ ही आवृत्ती यूटीएफ-१६ या युनिकोडच्या रूपात देवनागरी व्यवस्थित साठवते आणि स्टिरिओंना ती सर्वांत चांगली वाचता येते, २.४ नवीन असली तरी जुने स्टिरिओ तिच्यापाशी अडतात. एमपी३टॅग आणि म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या दोन्ही मोफत साधनांत २.३ निवडता येते. टॅग बरोबर असूनही पडद्यावर चौकोन दिसले तर स्टिरिओत देवनागरी फाँटच नाही, आणि त्याला आपल्या हाती इलाज नाही. या स्टिरिओत फाँट आहे, पण जोडाक्षरे सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. नावे ओळखू येतात, तरी वाचताना क्षणभर अधिक लागतो, आणि गाडी चालवताना तो क्षण महागाचा असतो. म्हणून गाडीच्या प्रतीत फोल्डरांची नावे मी रोमन लिपीत ठेवली आहेत.

वेगवेगळ्या काळातली ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ लावली की आवाजाची पातळी खालीवर होते. जुन्या, मंद ध्वनिमुद्रणासाठी वाढवलेला आवाज पुढच्या आधुनिक गाण्याला कानठळ्या बसवतो. रीप्लेगेन ही त्यावरची प्रमाणित सोय, पण ती टॅगमध्ये लिहिलेली असते आणि हा स्टिरिओ ती वाचतच नाही. एमपी३गेन हे साधन मात्र फाइलमधलीच पातळी १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी बदलते, गाणे पुन्हा एन्कोड करत नाही, आणि बदल परत फिरवता येतो. फ्लॅकवरून एमपी३ करणाऱ्यांना फूबार२००० या प्लेअरमध्ये रूपांतर करतानाच पातळी लावून घेता येते. संपूर्ण तयारीतले हे सर्वांत कमी कष्टाचे आणि सर्वाधिक समाधान देणारे काम आहे.

सलग वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांत मात्र हा स्टिरिओ निराश करतो. एमपी३ सुमारे २६ मिलिसेकंदांच्या चौकटींत बांधली जाते आणि एन्कोडर दोन्ही टोकांना थोडी शांतता जोडतो. ती किती, याची नोंद लेमसारखा एन्कोडर फाइलमध्ये करून ठेवतो, पण स्टिरिओने ती वाचायला हवी. इथे ती वाचली जात नाही, त्यामुळे मैफिलीत एका भागातून दुसऱ्या भागात जाताना टाळ्यांच्या मधोमध आवाज तुटतो. फ्लॅक लावूनही तुटतो, म्हणजे पुढची फाइल उघडायलाच स्टिरिओ उशीर करतो. अशी ध्वनिमुद्रणे एकाच फाइलमध्ये जोडणे हाच उपाय उरतो; मधल्या भागावर थेट जाता येत नाही, पण सलगता राहते, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर स्टिरिओ जिथे थांबला होता तिथूनच पुढे जातो.

फोनचा पर्यायही मी बराच वापरला. व्हीएलसी किंवा पॉवरॅम्प यांसारखे प्लेअर अँड्रॉइड ऑटोमधून फोनमधलाच संग्रह वाजवतात, डिस्कचे क्रमांक आणि अल्बमचे कलाकार नीट समजतात, आणि याद्या तत्काळ उघडतात. शोधण्याच्या बाबतीत हा पर्याय पेनड्राइव्हपेक्षा उजवा आहे, हे निःसंकोचपणे सांगावे लागेल. त्यासाठी फोनमध्ये शंभरभर जीबी मोकळी जागा हवी, आणि मेमरी कार्डाची खाच असलेले फोन कमी होत चालले आहेत. नुसत्या ब्लूटूथवर ऐकायचे तर एसबीसी या आवाज दाबण्याच्या मूळ पद्धतीत (कोडेकमध्ये) आवाज पुन्हा एकदा दाबला जातो. गाडीच्या गोंगाटात ते सहसा जाणवत नाही, पण स्टिरिओच्या पडद्यावरून संग्रह चाळण्याची सोय अनेकदा नसते आणि हात फोनकडे जातो, ते वाईट. ऑक्सच्या (हेडफोनसारख्या पिनच्या) तारेने फोन जोडून तो गाडीतच चार्जिंगला लावला तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे असा विद्युत गोंगाट अडवणारी छोटी जोडणी, बसवला की ती जाते. फोनचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणाऱ्या एफएम ट्रान्समीटरची शिफारस मी करणार नाही.

पेनड्राइव्ह जिंकतो तो सातत्यावर. फोन विसरला, बॅटरी उतरली, फोन आला, अद्ययावत केल्यावर जोडणी बिघडली, यांपैकी कशाचाही त्याला स्पर्श होत नाही. त्यात फिरणारे भाग नसल्याने खड्ड्यांचा धक्का बसत नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मात्र गाडीत लावू नये, धक्के आणि उन्हातली उष्णता दोन्ही तिला मारक आहेत. ड्राइव्ह बुटका, पोर्टबाहेर जेमतेम नखाएवढा राहणारा घ्यावा, म्हणजे गुडघा लागून तुटत नाही.

नवी गाडी पाहायला जाताना एक छोटा फॅट३२ ड्राइव्ह खिशात असू द्यावा: त्यात दोन सीडींचा एक अल्बम एकाच फोल्डरमध्ये, अनेक गायकांचे एक संकलन, देवनागरी टॅगची चार गाणी, सलग वाजायला हव्यात अशा दोन फाइली, आणि बाकी जागेत हजारो गाणी. विक्रेता इंजिनाची माहिती सांगत असतानाच तो लावून कलाकारांची यादी किती वेळात पूर्ण होते ते पाहावे, दुसऱ्या सीडीचे पहिले गाणे कुठे येते ते पाहावे, आणि गाडी बंद करून, दार उघडून, पुन्हा सुरू केल्यावर तेच गाणे त्याच जागेवरून वाजते का, तेही पाहावे.