कन्सल्टंटमार्फत की थेट अर्ज?

नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टंटचे पैसे कंपनी देते; बऱ्याचदा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. त्यामुळे ‘रजिस्ट्रेशन’चे पाचशे रुपये आधी टाका म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून सरळ उठून यावं.

कंपनीच पैसे देते, या हिशेबामुळे कन्सल्टंटचं लक्ष जागा भरण्यावर असतं, तुमच्यावर नाही. चार-पाच वर्षांचा अनुभव, नेमकं कौशल्य आणि तीस दिवसांचा नोटीस पीरियड असेल, तर तो मागे लागून फोन करतो. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) काही जागांची जाहिरातच येत नाही, तिथे त्याचा खरा उपयोग. फ्रेशर असाल किंवा क्षेत्र बदलत असाल तर थेट अर्ज बरा. त्याहून बरं म्हणजे आतल्या ओळखीच्या माणसाकडून रेफरल.

घोळ होतो तो अर्ज दोन्हीकडून एकदम गेल्यावर. एकच सीव्ही दोन वाटांनी आला की फी कोणाची हा वाद नको म्हणून एचआर तो बाजूलाच ठेवू शकतं. म्हणून पहिल्याच फोनवर कन्सल्टंटला विचारा: कंपनी कोणती, पद कोणतं, ऑफिस लोअर परळला की ऐरोलीला? (विरारकरांनी तर आधी हेच विचारावं; ऐरोली असेल तर दादरला उतरा, ठाण्याला पुन्हा गाडी बदला.) मग मेल करा: ‘फक्त या कंपनीच्या या पदासाठी माझा सीव्ही पाठवावा.’ कोणी कुठे कधी पाठवला, ते वहीत तारखेसह लिहा.

पगाराची घासाघीस मात्र कन्सल्टंटलाच करू द्या. कंपनीचं बजेट त्याला बहुधा ठाऊक असतं, तुम्हाला नसतं.