म्युझिक लायब्ररीत स्वतःच्या रचना : अकरा महिन्यांचा अनुभव

परदेशातील एका प्रॉडक्शन म्युझिक लायब्ररीशी, म्हणजे जाहिराती-माहितीपटांसाठी तयार संगीत परवान्यावर देणाऱ्या कंपनीशी, मी अकरा महिन्यांपूर्वी नॉन-एक्सक्लुझिव्ह (त्याच रचना इतरत्रही देता येतील असा) करार केला आणि आतापर्यंत चौतीस रचना पाठवल्या. त्यांपैकी एकवीस स्वीकारल्या गेल्या. परवाना शुल्कातील निम्मा वाटा मला मिळतो. पहिल्या तिमाहीत काहीही आले नाही, आणि नंतर आलेल्या रकमेतून तबलावादकाचे मानधन जेमतेम निघाले.

नाकारलेल्या तेरा रचनांनी मला अधिक शिकवले. मी सवयीने प्रत्येक रचनेच्या आरंभी तानपुरा आणि संथ आलाप ठेवत असे. जाहिरातीच्या किंवा माहितीपटाच्या संकलकाला मात्र पहिल्या काही सेकंदांतच रचनेचा भाव कळावा लागतो, मध्ये कापता येतील अशा जागा लागतात आणि शेवट हळूहळू विरून न जाता ठाम लागतो. या शेवटासाठी तिहाईइतकी (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे) सोयीची गोष्ट मला सापडली नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबणारी रचना कुणालाही समजते, तालाचे नाव माहीत नसले तरी.

खरे श्रम संगीतानंतर सुरू होतात. प्रत्येक रचनेची पूर्ण आवृत्ती, साठ, तीस आणि पंधरा सेकंदांच्या आवृत्त्या, शिवाय ढोलकी, तंतुवाद्ये, बास यांचे स्वतंत्र स्टेम्स (प्रत्येक वाद्यगटाचे वेगळे ध्वनिमुद्रण), सगळे २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह स्वरूपात द्यावे लागते. त्यानंतर लय, भाव, वाद्ये यांचे टॅग. या लायब्ररीच्या यादीत लावणीला जागाच नाही; माझी ढोलकीची रचना ‘भारतीय उत्सव’ या सदरात जाऊन बसली आणि, मान्य करायला हवे, तिथेच ती सर्वाधिक ऐकली गेली.

एक चूक माझीच होती. यादीतील एक रचना मी आधी वितरकामार्फत प्रसिद्ध करून यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (व्हिडिओतील संगीत आपोआप ओळखून हक्काचा दावा लावणारी यंत्रणा) नोंदवली होती. रीतसर परवाना घेतलेल्या ग्राहकाच्या व्हिडिओवर माझ्याच नावे दावा लागला आणि तो सोडवण्यात दोन आठवडे गेले. आता लायब्ररीसाठीच्या रचना मी त्या नोंदणीपासून दूर ठेवतो. वादकांची लेखी संमती आणि वापरलेल्या लूप्सच्या (पुन्हा पुन्हा वाजवता येणाऱ्या तयार तुकड्यांच्या) परवान्याच्या अटीही आधीच तपासतो.

प्रक्षेपणाची रॉयल्टी परवाना शुल्कापेक्षा वेगळी असते. त्यासाठी वाहिनीने क्यू शीट (कार्यक्रमात वापरलेल्या संगीताची यादी) भरणे आणि संगीतकार आयपीआरएससारख्या, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या, संस्थेचा सदस्य असणे आवश्यक असते. क्यू शीटमध्ये रचनेचे नाव, संगीतकार, वापराचा प्रकार आणि कालावधी यांची नोंद होते. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक पडला तरी पैसे अडकू शकतात, म्हणून मी सर्वत्र एकच स्पेलिंग लिहितो. या मार्गाने मला अजून काहीही मिळालेले नाही.

लायब्ररीने आता एक्सक्लुझिव्ह कराराचा प्रस्ताव दिला आहे. त्यासाठी मी सहा नव्या रचना काढून ठेवल्या आहेत; संबळाची रचना मात्र त्यात घातलेली नाही, कारण तिची मालकी मला कुणाकडेच सोपवायची नाही.