घरगुती एफएम अँटेना: तांब्याची तार की ॲल्युमिनियमची नळी?

मापं दोन्हींत सारखीच. 100 मेगाहर्ट्झसाठी 71-71 सेंटीमीटरच्या दोन भुजा, मध्ये दोन सेंटीमीटर फट, तिथून खाली 75 ओहमची केबल (टीव्हीच्या डिशला असते तशी). तांबं वीज जास्त चांगली वाहतं हे खरं, पण रेडिओ ऐकताना तो फरक कानाला कळत नाही. खरा फरक पडतो जोडणीत आणि पावसात.

तांब्याच्या 4 चौरस मिमी तारेला सोल्डर लगेच धरतं. पण ती मऊ, वाऱ्यात वाकते. पीव्हीसी पाइपात ओवूनच लावा. केबलची बाहेरची जाळी मात्र बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला लग (तारेच्या टोकाला बसवायची, स्क्रूखाली आवळता येणारी धातूची कडी) दाबून बसवावा लागतो.

ॲल्युमिनियमची 10 मिमीची नळी स्वतःच ताठ राहते. तिच्यावर साधं सोल्डर बसत नाही. टोक पॉलिश पेपरने घासा, लगेच स्टेनलेस स्क्रू, वॉशर आणि कथिल चढवलेला लग आवळा. उघडं तांबं थेट नळीला टेकलं, की साताऱ्याच्या पावसात सांध्यावर पांढरी भुकटी धरते आणि खरखर सुरू होते.

म्हणून गच्चीवर नळी, घरात तार. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या डोंगराआड घर असेल, तर धातू बदलण्याआधी अँटेनाची काठी दोन मीटर उंच करून बघा.