राणीची पारदर्शक छत्री की राणीचंच मेणकापडी जॅकेट?

ब्रिटनची दिवंगत राणी एलिझाबेथ पावसात दोन रूपांत दिसायची. शहरात एखाद्या उद्घाटनाला किंवा राजवाड्याच्या हिरवळीवरच्या गार्डन पार्टीला असली की डोक्यावर पारदर्शक, घुमटाच्या आकाराची छत्री आणि तिच्या किनारीचा रंग अंगातल्या कोटाशी जुळवलेला. स्कॉटलंडला बाल्मोरलमध्ये किंवा विंडसरच्या घोड्यांच्या प्रदर्शनात असली की छत्री बहुधा नाहीच. डोक्याला रुमाल, अंगात मळखाऊ हिरवं मेणकापडी जॅकेट, पायात गमबूट. बाई तीच, पाऊसही तोच, पण उत्तरं दोन.

इकडे ब्रिटनमध्ये नव्याने येणारी आपली मंडळी, म्हणजे शिकायला आलेली मुलं, बदली होऊन आलेले, लेकीकडे चार महिने राहायला आलेले आईवडील, फिरून फिरून एकच विचारतात. पावसासाठी एकच बरी वस्तू घ्यायची तर छत्री घ्यावी की जॅकेट? मी मँचेस्टरला राहतो, त्यामुळे या प्रश्नावर बोलायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मानतो. घरात दोन्ही आहेत. दोन्ही घेताना राणीचे फोटो डोळ्यांसमोर होते हेही सांगून टाकतो.

राजघराण्याकडे बघायचं कारण कौतुक नव्हे. पावसात उभं राहायचं, लोकांशी हसून बोलायचं, फोटो चांगला यायला हवा आणि पुन्हा आत जाऊन जेवायला बसायचं, हे ज्यांना वर्षानुवर्षं नोकरीसारखं करावं लागलं अशी माणसं जगात मोजकीच असतील. पदवीदान समारंभ, मित्राचं लग्न, मंडळाचा गणपती, अशा दिवशी आपलीही गरज हीच असते. ऑफिसला जाताना थोडं भिजलं तर कोण विचारतो?

आधी छत्री. राणीच्या छत्र्या फुल्टन कंपनीच्या. आर्नल्ड फुल्टन यांनी १९५६ साली लंडनमध्ये सुरू केलेली ही कंपनी, आणि त्या छत्रीचं नाव बर्डकेज. ती खांद्यापर्यंत खाली उतरते, तरी आतला चेहरा सगळ्या बाजूंनी दिसतो. राणीच्या बाबतीत सगळी मेख त्यातच होती. लोक तासन् तास रस्त्याच्या कडेला उभे राहतात ते तिला बघायला. म्हणून कोट भडक रंगाचे, म्हणून हॅटची कड चेहऱ्यावर सावली पडणार नाही अशी, म्हणून वाऱ्याने घेर उडू नये यासाठी फ्रॉकच्या खालच्या शिवणीत छोटी वजनं. एवढं सगळं करून वर काळी छत्री धरली की काय उपयोग?

काळ्या छत्रीचा त्रास धरणाऱ्यापेक्षा मागच्यांना जास्त होतो. जुलै १९९१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात ऑपेरा गायक पावारोत्तीचं गाणं होतं आणि पाऊस धो धो कोसळत होता. मागच्या हजारोंना रंगमंच दिसेना, तेव्हा प्रेक्षकांना छत्र्या मिटायला सांगितलं गेलं. पुढच्या रांगेत बसलेले चार्ल्स आणि डायना यांनीही मिटल्या आणि दोघं चिंब भिजले. डायनाचे ते ओल्या केसांचे फोटो आजही फिरत असतात. पारदर्शक छत्री असती तर निदान मागच्यांची थोडी सोय झाली असती, असं मला उगाच वाटून जातं.

साध्या छत्रीचं दुसरं दुखणं म्हणजे वारा. जुलै २०२१ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय स्मृतिवनात पोलीस स्मारकाचं अनावरण होतं. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन चार्ल्स यांच्या शेजारी बसून छत्री उघडायची खटपट करत होते. उघडली, तर वाऱ्याने उलटी होऊन काड्या आकाशाकडे. कार्यक्रम गंभीर होता, तरी चार्ल्सना हसू आवरेना. घुमटाच्या छत्रीत वाऱ्याला धरायला तशी सपाट जागा कमी. माझी अजून उलटलेली नाही. आता हे काही मोजमाप नव्हे. आमच्याकडचा पाऊस बराचसा भुरभुरीचा असतो, एडिंबरोला राहणारा माणूस कदाचित वेगळं सांगेल.

आता जॅकेट. बार्बर ही साउथ शील्ड्सची कंपनी, १८९४ पासूनची, खलाशी आणि कोळी लोकांना मेणकापडाचे कपडे पुरवत मोठी झाली. राणी, तिचा नवरा आणि तेव्हाचा युवराज चार्ल्स, तिघांचीही राजमान्यता, म्हणजे राजघराण्याला माल पुरवणाऱ्यांना मिळणारा मान, या कंपनीला होती. कंपनीने राणीला नवं जॅकेट देऊ केलं तेव्हा तिने ते नको म्हणून आपलं पंचवीस वर्षांचं जुनंच पुन्हा मेण लावून मागितलं, असं सांगतात. खरं असावं. मेणकापड जितकं जुनं तितकं अंगाला बसतं, घड्यांवर फिकट रेघा उमटतात आणि त्याच छान दिसतात. माझं जॅकेट बार्बरचं नाही, त्या धाटणीचं दुसरं आहे, पण हा गुण त्यातही उतरलाय.

जॅकेटचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे दोन्ही हात मोकळे. भातलावणीच्या वेळी आमच्या कोकणातल्या बायका पाठीवर इरलं घेतात ते याचसाठी. छत्री धरून रोप लावता येत नाही. इथे लावणी नसली तरी एका हातात मुलाचं बोट, दुसऱ्यात डब्याची पिशवी आणि तिसऱ्याच हातात फोन हवा असतो. राणीला लोक फुलं देत ती लगेच मागच्या बाईंच्या हातात जात. पर्स तिच्या कोपरावर असे, त्यामुळे छत्रीसाठी एक हात कायम शिल्लक. आपल्या मागे फुलं धरायला कोणी नसतं. वाकून नमस्कार करायची वेळ आली की उघडी छत्री घेऊन माणूस अगदीच विचित्र दिसतो.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग जॅकेटच घ्या की. मीही काही वर्षं तेच म्हणत होतो. पण मला चष्मा आहे.

जॅकेटने अंग कोरडं राहतं, टोपीने केस कोरडे राहतात, चष्मा मात्र कशानेच राहत नाही. आमच्याकडचा पाऊस वरून पडतोच असं नाही, तो हवेत तरंगत असतो आणि समोरून येऊन काचांवर बसतो. दहा पावलं गेलं की समोरचा माणूस काका आहे की बसचा खांब हे कळेनासं होतं. मग हात सवयीने बाहीकडे जातो. मेणकापडाच्या बाहीने चष्मा पुसून बघा एकदा. पाणी जातं आणि त्या जागी तेलकट पापुद्रा येतो. दिव्यांभोवती इंद्रधनुष्यं दिसू लागतात. तो पापुद्रा रुमालाने जात नाही, शर्टाच्या टोकाने नुसता पसरतो. घरी येऊन भांड्यांच्या साबणाने धुवेपर्यंत सगळं जग धुरकट. एका लग्नात मी अख्खं रिसेप्शन तसं काढलं. ज्या बाईंना मी ‘ओळखलंत का’ विचारलं त्या मला आदल्याच आठवड्यात भेटल्या होत्या. घोड्यावर बसलेल्या राणीचे पावसातले फोटो नंतर मी मुद्दाम पुन्हा पाहिले. रुमाल आहे, जॅकेट आहे, चष्मा जवळपास कुठेच नाही. तिचं जॅकेटशी का जमलं ते मला तेव्हा समजलं.

तसंच दुसरं म्हणजे मेण कपड्यांना लागतं. आतून अस्तर असतं, त्यामुळे जॅकेट अंगात आहे तोवर निभावतं. पण हॉलमध्ये शिरलं की ते काढून हातावर टाकायचं आणि तोच हात झब्ब्याला टेकणार. रेशमावर, विशेषतः फिक्या रंगाच्या पैठणीवर, तो डाग मला तरी बघवत नाही. भेटल्यावर मिठी मारणाऱ्यांना वेगळाच धोका. शिवाय हे जॅकेट मशीनमध्ये टाकता येत नाही. थंड पाण्याच्या बोळ्याने पुसायचं, आणि वर्षातून एकदा मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून पातळ करायचा, शिवणींवर चोळायचा, वर हेअर ड्रायर फिरवायचा. ज्याला सायकलीला तेल घालायला आवडतं त्याला हेही आवडेल. मला पहिल्या वर्षी आवडलं होतं. गरम बसमध्ये त्याचा जो वास सुटतो त्याबद्दल घरात दोन मतं आहेत, आणि माझं मत अल्पमतात आहे.

छत्रीवर अन्याय नको तसा पक्षपातही नको, म्हणून तिचे दोष. एक, ती एकाच माणसाची. मार्च २०२० मधला हॅरी आणि मेगनचा लंडनमधला तो फोटो तुम्ही पाहिला असेल, पाऊस झळकतोय आणि दोघं एका छत्रीखाली एकमेकांकडे बघतायत. ती छत्री साधी होती. घुमटाच्या छत्रीत तो फोटो होऊच शकला नसता, दोघांपैकी एकाचं डोकं बाहेर राहिलं असतं. दोन, आत उभं राहिलं की थेंबांचा आवाज कानाशी येतो आणि शेजारच्याचं बोलणं अर्धवट ऐकू येतं. तीन, ती घडी होऊन पिशवीत मावत नाही, ट्राममध्ये कुठे ठेवायची हा प्रश्न रोजचा. चार, ओलीच मिटून ठेवली तर प्लास्टिक एकमेकांना चिकटतं आणि काही काळाने ढगाळ होतं. राणीच्या छत्रीचं प्लास्टिक कायम स्वच्छ दिसायचं. तिथे पुसायला माणसं असणार, इथे मीच आहे.

पुरुषांसाठी आणखी एक अडचण, ती न सांगता पुढे जाणं बरं नाही. राजघराण्यातले पुरुष सहसा लाकडी मुठीची गडद छत्रीच वापरतात. चार्ल्स तर हमखास. पारदर्शक घुमटाखाली दिसत आल्या त्या राणी, तिची नातसून केट, झालंच तर एखादी राजकन्या. त्यामुळे मी ती उघडली की मंडळातले मित्र ‘या महाराणी’ म्हणतात. म्हणू देत. अठराव्या शतकाच्या मध्यावर जोनास हॅनवे नावाचा गृहस्थ लंडनमध्ये छत्री घेऊन फिरायला लागला तेव्हा लोकांना पुरुषाच्या हातात छत्री हीच थट्टा वाटायची. घोडागाडीवाले तर त्याच्यावर ओरडायचे, कारण पावसात लोक पायी जायला लागले तर त्यांचं भाडं बुडणार. हॅनवेने छत्री सोडली नाही. माझ्या मित्रांपैकी एकाने मागच्या हिवाळ्यात गुपचूप तसलीच विकत घेतली, नाव सांगत नाही.

तिसरा पर्याय सरळ भिजायचा. १९५३ मध्ये एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत पाऊस होता आणि टोंगाच्या राणी सालोते यांनी बग्गीचं छत वर घ्यायला नकार देऊन हसत, हात हलवत, भिजत सगळा रस्ता पार केला. लंडनकरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण नंतर त्यांना चारशे लोकांच्या हॉलमध्ये उभं राहून वडा-सांबार खायचं नव्हतं.

तर कोणी काय घ्यावं? कुत्रा फिरवायचा असेल, डोंगर चढायचे असतील, लहान मूल कडेवर असेल आणि डोळे चांगले असतील तर जॅकेट घ्या, मी अडवणार नाही. लेन्स वापरणाऱ्यांनी तर माझा अर्धा लेख सोडून दिला तरी चालेल. मात्र जुलैत मुंबईला जाताना ते बॅगेत टाकू नका. तिकडच्या उकाड्यात मेण चिकट होतं आणि दमट कपाटात बुरशी धरते. चष्मेवाल्यांनी, सणासमारंभाचे कपडे घालणाऱ्यांनी, आणि ज्यांना फोटोत आपला चेहरा दिसायला हवा त्यांनी छत्री. खर्चाचं म्हणाल तर बऱ्या मेणकापडी जॅकेटच्या एका किमतीत अशा सात-आठ छत्र्या येतात, आणि ट्राममध्ये विसरली तरी रात्रीची झोप जात नाही.

किनारीचा रंग कुठला हा प्रश्न उरतो. राणीकडे पोशाखागणिक वेगळी छत्री होती, आपल्याला एकीवर भागवायचंय. पांढरी किनार दुकानात सुंदर दिसते आणि महिन्याभरात कळकट होते. काळी कशावरही चालते. बायकोने घेतली ती गडद हिरवी, तिच्या तीन साड्यांच्या काठांना जुळते म्हणून, आणि आता पावसाचा अंदाज बघून ती त्या तिघींतलीच एक काढते.