दक्षिण लिम्बर्गची सहल आणि गंगापूर रोडवरील एक सहल कार्यालय

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, बेल्जियम आणि जर्मनीच्या बेचक्यात शिरलेल्या दक्षिण लिम्बर्ग या ग्रामीण भागात आठ रात्री काढायच्या असे ठरवून आम्ही पतिपत्नी नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सहल कार्यालयात गेलो, तेव्हा समोरच्या गृहस्थांचा पहिला प्रश्न ‘ट्युलिप नकोत का?’ असा होता. ट्युलिप फुलतात वसंतात आणि आम्ही सप्टेंबरमध्ये निघणार होतो.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र या मंडळींना तोड नाही. किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा, 90 युरो व्हिसा शुल्क, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असणारा पासपोर्ट, अशी एकेक बाब त्यांनी तपासून घेतली आणि बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईची वेळ अशी मिळवली की सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन त्याच गाडीने रात्री घरी येता आले. जर्मनी आणि नेदरलँड्स या दोघांनीही 2024 पासून सीमेवर तात्पुरती तपासणी सुरू केली असल्याने पासपोर्ट खोलीवर ठेवू नका, ही सूचनाही त्यांचीच.

घोळ झाला तो मुक्कामाच्या आखणीत. हॉटेल स्वस्त पडते म्हणून त्यांनी तीन रात्री दक्षिण लिम्बर्गमधील मास्त्रिख्त शहरात आणि पाच रात्री सीमेपलीकडील आखेनला, म्हणजे जर्मनीत, लावल्या होत्या आणि अर्ज मात्र नेदरलँड्सकडे भरायला घेतला होता. युरोपातील बऱ्याच देशांसाठी मिळून एकच असणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे करावा लागतो. सीमाभागात दहा-पंधरा किलोमीटरवर उशी बदलली की अर्जाचा देशही बदलतो. ही गोष्ट पत्नीच्या लक्षात आली, कार्यालयाच्या नाही. शेवटी आठही रात्री नेदरलँड्समधीलच गुल्पेन या गावात घेतल्या आणि तेच बरे झाले, कारण मास्त्रिख्तहून आखेनला जाणारी बस गुल्पेन आणि सीमेवरील व्हाल्स या गावांमार्गेच जाते आणि आपले बँक कार्ड यंत्राला टेकवून तिचे भाडे देता येते. कार्यक्रमपत्रिकेत रोजची टॅक्सी कशासाठी होती, ते आम्हांला अखेरपर्यंत कळले नाही.

त्याच पत्रिकेत व्हाल्सच्या टेकडीला ‘पर्वतदर्शन, अर्धा दिवस’ असे दिले होते. तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात ती ही टेकडी 322 मीटर उंच आहे आणि नेदरलँड्सच्या युरोपातील भूमीवर तिच्याहून उंच जागा नाही. आपले नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर वसलेले आहे. याउलट, मास्त्रिख्तलगतच्या आपोस्टेलहूव्ह या द्राक्षमळ्याचा पत्रिकेत उल्लेखही नव्हता. 1970 पासून तिथे द्राक्षे लावली जात आहेत, आणि नाशिकच्या ग्राहकाला हे सांगायचे राहावे याचे नवल वाटते. लाकडी चौकटींची पांढरी घरे आणि गेउल नदीकाठच्या पायवाटा आमच्या आम्हीच शोधल्या. गुल्पेनमध्ये तांदळाची व्लाय खाल्ली: पावासारख्या मऊ तळावर घट्ट, गार खीर थापावी तसा तो पदार्थ लागतो. सारणात बहुधा अंडे असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे.

व्हिसाच्या कामासाठी मी या कार्यालयात पुन्हा जाईन. दिवसांची आखणी मात्र त्यांच्या हाती देणार नाही. तिचे शुल्क त्यांनी वेगळे घेतले होते, आणि त्यातील निम्मे परत मागितले असता ‘पुढच्या सहलीत वळते करून घेऊ’ असे उत्तर मिळाले आहे.