चॅनेल काढून टाकायचा की जाहिरातदाराला गाठायचं?

आवडती मालिका अर्ध्यावर गुंडाळली की मालवणात आमच्या शेजारच्या काकी तडक म्हणतात, "तो चॅनेलच काढून टाक!" राग रास्तच आहे. दिवेलागणीनंतरचा त्यांचा हक्काचा अर्धा तास गेलेला असतो.

पण टीआरपी मोजतात तो मीटर बसवलेल्या निवडक घरांत. आपल्याकडे मीटर नसेल, तर टीव्ही बंद ठेवल्याचं वाहिनीला कळतही नाही. २०१९पासून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमाने एकेक चॅनेल निवडता येतो. पॅकमधूनच काढला तर निदान वर्गणी तरी तुटते.

दुसरा मार्ग जाहिरातदाराचा. एप्रिल २०११मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीने 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टू लिव्ह' या मालिका बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूवर कंपनीने प्रेक्षकांची बाजू घेऊन जाहिराती काढून घेतल्या. मालिका तरीही गेल्याच. मात्र त्याच वाहिनीवर 'जनरल हॉस्पिटल' चालू होती, आणि सरसकट बहिष्काराचा फटका तिलाच बसला असता.

म्हणून मी जाहिरातदाराला लिहिण्याच्या बाजूची. साबणवाल्याला, मसालेवाल्याला मालिकेचं नाव घालून कळवा. आणि त्याच चॅनेलवरच्या दुसऱ्या मालिकेत आपल्या कुडाळ-वेंगुर्ल्याकडचा एखादा दशावतारी कलाकार पोट भरत असेल, तर ती मुळीच सोडू नका.