पूररेषेवर जिओकॅशिंग: ॲप कसं वाटलं

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी अक्षांश-रेखांशावरून शोधून काढायचा खेळ. त्याचं ॲप मी नववीच्या पोरांसाठी घेतलं. भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकानं एकदा वापरून बघावंच.

कल्पना माझ्या मावसभावाची. तो अमेरिकेत मिसुरीत असतो. तिथल्या जॉप्लिन शहरात २२ मे २०११ च्या टॉर्नेडोत १५८ माणसं गेली. त्या वादळाच्या वाटेवर लपवलेल्या डब्या तो शोधत फिरतो. आपल्याकडं कोल्हापुरात महापूर. म्हणून २०१९ चं पाणी जिथं टेकलं होतं तिथं, दसरा चौकापासून जयंती नाल्याच्या कडेनं शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपर्यंत, घरमालकांना विचारून डब्या ठेवल्या. अक्षांश-रेखांश पोरांना कागदावर दिले.

वादळाची वाट नकाशावर पट्टीनं आखल्यासारखी दिसते, पाण्याची तशी नसते. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ. पण नदीपासून इतक्या आत पाणी येतं कसं? डबी ते डबी चालताना ते कळतं. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं फुगत येतं आणि गल्लीत शिरतं.

कुंभार गल्लीत एका शेडच्या पत्र्यावर आडवी रेघ आहे, खाली गंज, वर पत्रा स्वच्छ. एका मुलीनं हात उंच केला, बोटं रेघेला पोचेनात. तिनं शेडमधल्या कुंभारमामांना विचारलं,

"मामा, गणपती एवढ्या पाण्यात होते?"

"होते की बाळ. शाडूचे तर विरघळूनच गेले."

आता ॲपचं. फुकटात काम भागतं. प्रत्येक डबीला, शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, असे १ ते ५ दोन वेगळे दर्जे असतात. पोरांना कुठं न्यायचं ते लगेच ठरतं. अक्षांश-रेखांशाचे आकडे अंश-मिनिटांत असतात. अक्षांशात मिनिटाच्या पहिल्या दशांशात एकाचा फरक पडला की माणूस १८५ मीटर लांब! फळ्यावर हे कधी पटलं नव्हतं. दाट गल्लीत ॲपमधली दिशा दाखवणारी सुई नाचते, शेवटचे काही मीटर डोळ्यांनीच शोधायचे.

आमच्या डब्या ॲपवर जाहीर नाहीत. त्यासाठी तपासनीसाची मान्यता आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, आणि आमच्या काही डब्या एकाच गल्लीत आहेत. शाळांनी अर्थकॅश हा प्रकार बघावा: डबीच नाही, जागेवर जाऊन प्रश्नांची उत्तरं द्यायची.

डब्या ठेवणार असाल तर मे संपायच्या आत सगळ्या काढून घ्या. नाहीतर पहिल्या पुरातच ते प्लास्टिक पंचगंगेत जाईल.